पाठीचं दुखणं आणि न मिळणारा विसावा

मानेच्या बुडापासून खांद्यांच्या दोन पात्यांच्या मधोमध जी वेदना घर करून बसते, तिच्याकडे दुखणं म्हणून पाहायला आपण फार उशीर लावतो. कंबर धरली की माणूस कामावर जात नाही. पाठीचा वरचा भाग मात्र सकाळी जरा बरा असतो, दुपारपर्यंत ठसठसू लागतो, संध्याकाळी खांदे भरून येतात आणि तरी काम चालू राहतं. मग ते महिनोन्‌महिने अंगावर काढलं जातं. संगणकापुढे बसणारे, शिवणयंत्रावर वाकलेले, दातांचे डॉक्टर, सोनार, विडी वळणाऱ्या बायका अशा एकमेकांशी काही संबंध नसलेल्या माणसांना हे दुखणं सारखंच गाठतं, आणि घरचे, दारचे, डॉक्टर असे सगळे सल्लाही एकच देतात: पोक काढू नका, ताठ बसा. या सल्ल्यात तथ्य नाही असं नाही. पण गेल्या तीन-चार दशकांतलं संशोधन एकत्र ठेवून पाहिलं, तर या सल्ल्याने प्रश्नाचा लहानसा तुकडा हातात येतो आणि मोठा भाग निसटतो. बसण्याच्या ढबीपेक्षा त्या ढबीत न हलता किती वेळ जातो, तेवढा वेळ तग धरण्याची ताकद स्नायूंत आहे का आणि मधे उठण्याची मुभा कोणाच्या हातात आहे, या तीन गोष्टी दुखण्याचं भवितव्य अधिक ठरवतात.

आधी हे मान्य करायला हवं की संशोधकांनीही पाठीच्या या भागाची उपेक्षाच केली. कंबरदुखी आणि मानदुखी यांवर अभ्यासांचे ढीग आहेत; मधल्या भागावर तुलनेने थोडे. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००९ मध्ये कामकरी माणसांवरचे उपलब्ध अभ्यास गोळा केले, तेव्हा वर्षभरात असं दुखणं झालेल्यांचं प्रमाण कुठे ३ टक्के तर कुठे ५५ टक्के निघालं. एवढी तफावत पडण्याचं एक कारण दुखण्याची व्याख्या सगळीकडे सारखी नसणं हे आहे, पण दुसरं कारण कामच आहे: धंदा बदलला की दुखणाऱ्यांची संख्या बदलते. ही गोष्ट नवी नाही. इटलीतल्या मोदेना इथे बर्नार्दिनो रामात्सिनी या वैद्याने १७०० साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ छापला. त्याच ग्रंथाच्या १७१३ च्या वाढीव आवृत्तीत लेखनिकांच्या व्याधींची त्याने तीन कारणं सांगितली: सतत बसून राहणं, हाताची एकच एक हालचाल अखंड करणं आणि चूक होऊ नये म्हणून मनावर येणारा ताण. वेळ, पुनरावृत्ती आणि मन, अशी ही त्रयी. पुढच्या काळात आपण यातलं बसणं तेवढं लक्षात ठेवलं, त्याचं सततपण विसरलो आणि उरलेली दोन कारणं तर सोडूनच दिली.

शरीररचना पाहिली की वेळेचं महत्त्व उलगडतं. छातीच्या पिंजऱ्यामागचे बारा मणके फासळ्यांनी दोन्ही बाजूंनी बांधलेले असतात, त्यामुळे पाठीचा हा भाग मान आणि कंबर यांच्या मानाने भक्कम असतो. इथलं दुखणं पुष्कळदा मणक्यांचं नसतंच. खांद्याचं पातं आणि त्याला जोडलेला अख्खा हात मुख्यतः स्नायूंच्या आधाराने धडाला लटकलेला असतो. माणसाच्या एका हाताचं वजन तीन-साडेतीन किलो भरतं. हात टेकायला जागा नसली, कीबोर्ड दूर असला, टेबल उंच असलं, की हे वजन मानेपासून खांद्यापर्यंत पसरलेल्या ट्रॅपिझियस स्नायूला आणि त्याच्या शेजाऱ्यांना तासन्‌तास तोलावं लागतं. मानेतल्या चकतीची वेदनाही पात्यांच्या मधे उमटू शकते. राल्फ क्लोवर्ड या न्यूरोसर्जनने १९५९ मध्येच हे दाखवून दिलं होतं. म्हणजे दुखतं तिथेच मूळ असेल असं धरून चालता येत नाही. वजन तोलण्याबद्दल पूर्वी एक सोयीस्कर समज होता. स्नायूच्या कमाल ताकदीच्या १५ टक्क्यांपर्यंतचा जोर कितीही वेळ लावून ठेवता येतो, असं जर्मनीतल्या वाल्टर रोमर्टच्या १९६० च्या मांडणीवरून मानलं गेलं. पुढे १९८६ मध्ये मांडीच्या स्नायूवर झालेल्या प्रयोगात केवळ ५ टक्के जोर तासभर धरून ठेवल्यावरही थकवा मोजता आला. बसून करायच्या ‘हलक्या’ कामाने पाठ का मोडते, याचं उत्तर इथे आहे. काम हलकं असतं हे खरं, पण ते थांबत नाही.

स्वीडनच्या गोरान हेग यांनी १९९१ मध्ये याला एक नाव दिलं: सिंड्रेला गृहीतक. परीकथेतली ती मुलगी घरात सगळ्यांच्या आधी उठते आणि सगळ्यांच्या नंतर झोपते. स्नायूतले काही बारीक तंतू तसेच असतात: किंचित ताण आला की आधी ते कामाला लागतात आणि स्नायू पूर्ण सैल होईपर्यंत त्यांची सुटका होत नाही. मोठे तंतू जोर लागेल तेव्हाच येतात आणि जातात. हे बिचारे दिवसभर राबतात आणि झिजतात. गृहीतकाला बळ देणारा पुरावा नॉर्वेतून आला. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात यंत्राच्या गतीने पॅकिंग करणाऱ्या स्त्रियांच्या खांद्याच्या स्नायूंतले विद्युतसंकेत मोजले गेले. ज्यांच्या संकेतांमध्ये क्षणिक विरामही कमी होते, त्यांना पुढे खांदेदुखी जडण्याची शक्यता अधिक निघाली. हे विराम सेकंदाच्या अंशाइतके असतात. बाहेरून पाहणाऱ्याला दोघी सारख्याच बसलेल्या दिसतील. एकीचा स्नायू मधूनमधून सैल पडतो, दुसरीचा पडत नाही. नॉर्वेतल्याच प्रयोगांत आणखी एक गोष्ट दिसली. हाताला काहीच जड काम नाही, फक्त डोकं लावून उत्तरं द्यायची आहेत, तरीही काही माणसांचा ट्रॅपिझियस आवळलेला राहतो. लक्ष एकवटलं, मुदत जवळ आली, चुकीची भीती वाटली, की खांदे नकळत कानांकडे चढतात. रामात्सिनीचं तिसरं कारण यंत्रावर मोजलं गेलं ते असं.

आता ढबीकडे येऊ. मोबाइलवर वाकलेल्या मानेचं एक चित्र सगळीकडे फिरतं: मान साठ अंशांत झुकली की मणक्यावर २७ किलोंचा भार. हा आकडा न्यूयॉर्कचे शल्यचिकित्सक केनेथ हंसराज यांच्या २०१४ च्या लेखातला आहे, आणि तो संगणकावरच्या प्रतिकृतीतून काढलेला आहे. दुखणाऱ्या माणसांवर केलेल्या पाहणीतून नव्हे. भार वाढतो म्हणून दुखणं होतंच, ही पुढची उडी त्या लेखाने सिद्ध केलेली नाही. उलट पश्चिम ऑस्ट्रेलियात जन्मापासून पाठपुरावा केलेल्या मुलांपैकी सतरा वर्षांच्या ११०८ जणांच्या बसण्याच्या ढबी २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तपासल्या गेल्या, तेव्हा ढब आणि मानदुखी यांचा संबंध जुळला नाही. हीच मुलं बावीस वर्षांची झाल्यावर जे दिसलं ते अधिक विचार करायला लावणारं होतं: मुलींमध्ये ताठ बसणाऱ्यांपेक्षा पोक काढून बसणाऱ्यांना चिवट मानदुखी कमी होती, आणि मुलांमध्ये संबंधच नव्हता. २०१९ मधल्या एका एकत्रित आढाव्यात मात्र मान दुखणाऱ्या प्रौढांचं डोकं इतरांपेक्षा अधिक पुढे झुकलेलं आढळलं. पण त्यावरून आधी काय झालं हे ठरत नाही. दुखतं म्हणून माणूस मान पुढे काढून बसत असेल, ही शक्यता तितकीच खरी आहे.

यावर सरळ आक्षेप येतो: मग कसंही बसलं तरी चालेल का? नाही. शाळकरी मुलांची पाहणी रोज दहा तास एकाच जागी राबणाऱ्या माणसाला जशीच्या तशी लागू होत नाही, आणि डोकं पुढे गेलं की मानेमागच्या स्नायूंवरचा ताण वाढतो हे साधं यांत्रिक सत्य आहे. दुखणं एकदा सुरू झालं की काही स्थिती ते नक्की वाढवतात, आणि ज्याची पाठ दुखते त्याला त्या स्थिती कोणी सांगाव्या लागत नाहीत. माझं म्हणणं एवढंच की ढब हा गुणाकारातला एक आकडा आहे, दुसरा आकडा वेळेचा आहे, आणि दुसरा मोठा असेल तर पहिला थोडाफार सुधारला तरी उत्तर मोठंच राहतं. ‘ताठ बसा’ हा हुकूम शब्दशः पाळणारा माणूस पाठीचे स्नायू दिवसभर आवळून बसतो. ज्या तंतूंना सैल पडायला हवं त्यांनाच तो आणखी एक पाळी देतो. ढबीत जे बदलण्यासारखं आहे ते हाताच्या आधारात आहे. कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यात कार्यालयीन कामगारांवरचे पंधरा प्रयोग तपासले गेले. त्यात कोपरापासून हात टेकेल असा आधार आणि वेगळ्या घडणीचा माऊस या जोडीच्या बाजूने बरा म्हणावा असा पुरावा मिळाला. बाकी बहुतेक उपायांबद्दल ठाम काही म्हणता आलं नाही. लॅपटॉपची अडचण तर त्याच्या घडणीतच आहे. पडदा आणि कळा एकमेकांना जोडलेल्या असल्याने पडदा डोळ्यांसमोर आणला की हात वर जातात, आणि हात खाली आणले की मान झुकते. चार जाड पुस्तकांवर लॅपटॉप आणि खाली वेगळा कीबोर्ड, एवढ्याने हा पेच सुटतो. महागड्या खुर्चीआधी हे करावं.

पण खुर्ची, कीबोर्ड, माऊस ही सगळी चर्चा खुर्ची असलेल्यांची आहे. सोलापुरात विडी वळणारी बाई घरात जमिनीवर मांडी घालून बसते. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं, तंबाखू आणि दोरा. भिजवून मऊ केलेलं पान पत्र्याच्या मापावर ठेवून कात्रीने कापायचं, चिमूटभर तंबाखू पसरायची, बोटांनी वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा बांधायचा. विडी नीट दिसावी म्हणून नजर मांडीवर, म्हणजे मान पूर्ण खाली. कोपरं हवेत, कारण टेकायला काही नाही. खांदे पुढे ओढलेले. एक विडी काही सेकंदांची. मजुरी हजार विड्यांमागे ठरलेली. तिला ताठ बस म्हणून सांगणं निरर्थक आहे, कारण ताठ बसली तर विडी दिसणार नाही. भिंतीला टेकून बसणं, सूप पाटावर ठेवून उंच करणं, गुडघ्यांखाली उशी घेऊन कोपरांना टेकू देणं, अशा गोष्टी काही प्रमाणात उपयोगी पडतील. जमिनीवर बसण्याची आपली जुनी सवयच पाठीला चांगली, असं म्हणणारेही आहेत. मांडी घालणं, उकिडवं बसणं, परत उठणं ही ये-जा सांध्यांना मानवते हे खरं. पण या बाईच्या दिवसात ती ये-जा कुठे आहे? उठणं म्हणजे विड्या कमी होणं. तिच्या पाठीचं दुखणं हजाराच्या हिशेबात बांधलेलं आहे.

उपायांत सर्वांत भक्कम पुरावा ताकद वाढवणाऱ्या व्यायामाच्या बाजूने आहे, आणि त्याची मात्रा वाटते त्यापेक्षा खूपच लहान आहे. डेन्मार्कमध्ये लार्स अँडरसन आणि सहकाऱ्यांनी मान-खांदे वारंवार दुखणाऱ्या १९८ कार्यालयीन कर्मचाऱ्यांचे तीन गट केले. २०११ मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध झाला. एका गटाने रबरी नळीच्या विरोधात दोन्ही हात बाजूने वर उचलण्याचा व्यायाम रोज दोन मिनिटं केला, दुसऱ्याने बारा मिनिटं, तिसऱ्याला फक्त माहिती मिळाली. आठवड्याचे पाच दिवस, दहा आठवडे. शून्य ते दहाच्या मापावर माहितीवाल्या गटाच्या तुलनेत दोन मिनिटंवाल्यांची वेदना १.४ ने आणि बारा मिनिटंवाल्यांची १.९ ने उतरली. दोन मिनिटं आणि बारा मिनिटं यांत फरक इतका थोडा, ही माझ्या मते या विषयातली सर्वांत दिलासा देणारी नोंद आहे. दिवसभर राबून आलेल्या माणसाला व्यायाम कुठून सुचणार, या आक्षेपात वजन आहे. पण दोन मिनिटं म्हणजे चहा उकळेपर्यंतचा वेळ. रबरी नळी नसेल तर पाण्याने भरलेल्या दोन बाटल्या चालतात. हात किंचित पुढे ठेवून खांद्याच्या रेषेपर्यंत बाजूने उचलायचे, हळूहळू खाली आणायचे, सोपं वाटू लागलं की वजन वाढवायचं. पहिले काही दिवस स्नायू जास्त दुखतील. त्याला घाबरून सोडू नये. कष्टकऱ्याच्या अंगात ताकद असतेच, त्याला व्यायाम कशाला, असंही विचारलं जातं. ताकद वाढायला स्नायूवर जोराचा भार यावा लागतो आणि मग त्याला पूर्ण सैलही पडावं लागतं. विडी वळताना, शिवताना, टंकताना यांपैकी काहीच घडत नाही. स्नायू थकतो आणि बळकट मात्र होत नाही.

याउलट लोकांचा पैसा सर्वांत जास्त जातो तो तपासण्यांवर, पट्ट्यांवर आणि गोळ्यांवर. मानेचा एमआरआय काढला की अहवालात झीज, फुगवटा, गॅप असं काहीतरी निघतंच. जपानमध्ये मानेची कोणतीही तक्रार नसलेल्या १२११ लोकांचे एमआरआय काढले, तर ८७.६ टक्के जणांत चकतीचा फुगवटा दिसला. ‘मणके घासलेत’ हे वाक्य ऐकल्यावर माणूस मान वळवायला, वजन उचलायला, खाली वाकायला घाबरू लागतो आणि हालचाल जितकी आटते तितके स्नायू दुबळे होतात. तीन महिन्यांपेक्षा जुन्या दुखण्यात मज्जासंस्थाही हळवी झालेली असू शकते. झोप उडाली, काळजी वाढली की तेवढ्याच ताणाला ती अधिक वेदना देते. म्हणून रात्रीची झोप नीट लावणं हा उपचाराचाच भाग समजावा. खांदे मागे ओढणाऱ्या पट्ट्याने दुखणं टिकाऊ बरं होतं असा विश्वासार्ह पुरावा नाही, आणि दुकानातून परस्पर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या महिनोन्‌महिने खाल्ल्या तर जठर आणि मूत्रपिंडं त्याची किंमत मोजतात. मालिश, शेक यांनी तात्पुरतं बरं वाटतं. तो दिलासा जरूर घ्यावा, पण त्या सैल झालेल्या तासाचा उपयोग हालचालीसाठी करावा.

इथे एक इशारा स्पष्ट दिलाच पाहिजे. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत, आणि मणक्याचा क्षय बऱ्याचदा छातीमागच्या मणक्यांतच होतो. रात्री झोपेतून उठवणारी आणि विश्रांतीने न हटणारी वेदना, संध्याकाळचा ताप, वजन उतरणं, पायांत अशक्तपणा किंवा बधिरपणा, पूर्वी झालेला कर्करोग, उतारवयात साध्या धक्क्यानंतर सुरू झालेलं दुखणं, यांपैकी काही असेल तर बसण्याच्या ढबीला दोष देत बसू नये. लगेच डॉक्टर गाठावा. चालताना वाढणारी आणि घाम-धाप आणणारी पाठदुखी हृदयाची असू शकते, आणि जेवणानंतर उजव्या पात्याखाली येणारी कळ पित्ताशयाची.

आणि आता त्या तिसऱ्या गोष्टीकडे, मुभेकडे. मधे उठावं हे सगळ्यांना कळतं. उठू देतं कोण? कामाचा वेळ बुडतो, हा मालकांचा नेहमीचा आक्षेप. अमेरिकेत सरकारी कार्यालयातल्या डेटा-एंट्री करणाऱ्यांवर झालेल्या आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पंधरा मिनिटांच्या दोन नेहमीच्या सुट्यांखेरीज ज्या तासांत सुटी नाही त्या प्रत्येक तासात पाच मिनिटं, म्हणजे दिवसाला वीस मिनिटं जादा दिली गेली. अंगदुखी कमी झाली आणि काम घटलं नाही. युरोपीय समुदायाने १९९० च्या निर्देशातच पडद्यावरचं काम ठरावीक काळाने खंडित झालं पाहिजे अशी जबाबदारी मालकावर टाकली. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्याने पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली. पण पाच तास हे माप भुकेचं आणि थकव्याचं आहे, स्नायूच्या बारीक तंतूंचं नाही. त्याच कायद्याच्या परिशिष्टात कळवणं बंधनकारक असलेल्या व्यावसायिक रोगांची यादी होती. तीत शिशाची विषबाधा, सिलिकोसिस, बहिरेपणा होते. स्नायू-सांध्यांची दुखणी नव्हती. जे कळवायचं नाही ते मोजलं जात नाही, आणि जे मोजलं जात नाही त्याची भरपाई मागता येत नाही. कायद्याला शरीराची स्थिती कळूच शकत नाही असंही नाही. दुकानांत दिवसभर उभ्या राहणाऱ्या विक्रेत्यांना बसण्याचा हक्क केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दिला. केरळात तो मिळाला त्या दुकानांतल्या बायकांनी संघटित होऊन मागितल्यामुळे. बसलेल्यांना उठण्याचा हक्क ही त्याचीच दुसरी बाजू आहे, आणि पुण्या-मुंबईच्या कार्यालयांतल्या संघटनांनी ती मागणी पुढे करायला हवी. घरी विडी वळणाऱ्या बाईसाठी हा हक्क दरातच बसवावा लागेल, कारण तिच्या कामाचं घड्याळ पाहणारं कोणी नाही. हजार विड्यांना आठ तास धरले, तर वीस मिनिटांचा विसावा म्हणजे साधारण चाळीस विड्यांची मजुरी. हजारी दर सुमारे चार टक्क्यांनी वाढवला तर तो भरून निघतो. किमान वेतनाचा दर पुढच्या वेळी ठरेल तेव्हा ही चार टक्क्यांची मागणी विसाव्याच्या नावानेच मांडली जावी.